सोड म्हणेपर्यंत

ज्या टेबलावर हे झालं, त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखालची पुठ्ठ्याची घडी मी माझ्या हातानं सरकवलेली आहे. तेव्हा "असं काही नसतं हो" म्हणून मला कुणी समजावू नये. टेबल आहे. त्याच्याजवळचं स्टूल आहे. ताई आहे...

आणि ताईचं बोट आहे. त्याच्याकडे आपण येऊच.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. हे सगळं मी आधी तिच्या तोंडून ऐकलं. मग भाऊजींच्या तोंडून, ती आत झोपलेली असताना, पुन्हा ऐकलं. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही. नवरा-बायकोचं इतकं एकमत मी तरी दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिलेलं नाही.

दिवस गुरुवारचा. वेळ संध्याकाळची, सहा-सव्वासहाची.

मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत नेहमी मध्यरात्र असते, कुत्री रडत असतात. इथे तसलं काही नव्हतं. बाहेर चांगला उजेड होता. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं.

लांबच लांब रस्त्याच्या टोकाला एकसारख्या घरांची रांग आहे, त्यातलं शेवटचं घर ताईचं. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की बाग. बाग म्हणायची आपली. पंधरा पावलांत संपते.

या स्वयंपाकघरात दोघी बहिणी मेणबत्त्या करायच्या.

ताई आणि चिमटी.

चिमटी ही ताईच्या पाठची. लहानपणी येता-जाता सगळ्यांना चिमटे काढायची, म्हणून चिमटी. पुढे चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, केस पिकले, तरी चिमटीच राहिली. लग्न केलं नाही. "एवढ्या लोकांना चिमटे काढल्यावर मला करून कोण घेणार?" असं स्वतःच म्हणायची. ताईकडे मागच्या छोट्या खोलीत राहायची आणि भाऊजींशी दिवसभर भांडायची.

मेणबत्ती करणं तसं सोपं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात दुसरं पातेलं बसवून मेण वितळवायचं. रंगाचा खडा टाकायचा, वासाचे थेंब टाकायचे. ग्लासच्या तळाशी वात चिकटवायची आणि ओतायचं. जेवणाच्या टेबलावर ठेवायच्या त्या काचेच्या ग्लासात, कडेनं सुकवलेली फुलं लावून. बागेत ठेवायच्या त्या पत्र्याच्या डब्यात, जाड वातीच्या, डास पळवणारं तेल घातलेल्या.

गोम सगळी वातीत.

गरम मेण पडलं की वात मऊ पडते आणि कलंडते. कडेला गेलेली वात एकाच अंगानं जळते, काच तडकते. म्हणून लोक ग्लासवर आडवी काडी ठेवून तिला वात बांधतात. नाहीतर कपडे वाळत घालायचा चिमटा लावतात.

ताईकडे यातलं काही नव्हतं.

"चिमटा कशाला हवा? घरची चिमटी आहे," ती म्हणायची.

खरंच तसं होतं. ताई ओतायची आणि चिमटी स्टुलावर बसून दोन्ही हातांनी दोन वाती धरायची. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये वात. मेणावर साय धरेपर्यंत जरा हलायचं नाही. गरम मेणाचा शिंतोडा उडाला तर "स्स..." करायची, पण सोडायची नाही. दहा मिनिटांनी ताई आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट वातीशेजारी मेणाला टेकवून बघायची आणि म्हणायची,

"सोड."

मगच चिमटी सोडायची. त्याआधी नाही. कधीच नाही.

एकदा तर कहर झाला. ताई ओतून झाली आणि फोन वाजला. फोन माझाच होता, त्यामुळे चूक अर्धी माझी. आम्ही पाऊण तास बोललो. ताई परत येऊन बघते तर चिमटी तिथेच. मेणाचा पार दगड झालेला, आणि ही बाई दोन्ही हातांच्या चिमटीत वाती धरून बसलेली. बोटं पांढरीफटक. थरथरत होती.

"अगं वेडे, सोडायचंस ना!"

"तू कुठे म्हणालीस?"

हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं सांगितला. हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं.

आता सांगवत नाही.

चिमटीचं दुखणं मी सांगत बसत नाही. तीन महिन्यांत आटोपलं. शेवटच्या दिवसांत, हॉस्पिटलात, तिला माणसं ओळखू येईनात. पण हात चालू होते. पांघरुणावर दोन बोटं जुळवून, हवेत काहीतरी धरल्यासारखी पडून राहायची.

ताईला बरोब्बर कळलं. तिनं आपलं बोट तिच्या चिमटीत दिलं. चिमटी शांत झाली. चार दिवस हाच उपाय. सुई नाही, गोळी नाही, ताईचं बोट.

पाचव्या दिवशी दुपारी खालून बोलावणं आलं. कुठल्याशा कागदावर सही हवी होती. ताई उठायला गेली, तर बोट सुटेना.

"चिमटे, सोड गं, मी आलेच," असं ती म्हणाली असती तर कदाचित पुढचं काही झालंच नसतं.

ती तसं म्हणाली नाही. म्हटलं तर जागी होईल, घाबरेल, असं तिला वाटलं. तिनं चादरीचा कोपरा घेतला. वातीसारखा पिळला. हळूच आपलं बोट काढून तो कोपरा चिमटीत सरकवला, आणि तिच्या कानाशी म्हणाली,

"धरून ठेव हं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

लिफ्ट अडकली. वीस मिनिटं गेली.

ताई वर आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती. चिमटी गेलेली होती. चादरीचा कोपरा अजून हातात होता. नर्सनं बोटं उघडायचा प्रयत्न केला. मग वॉर्डबॉयनं केला.

शेवटी कात्रीनं चादर कापावी लागली.

* * *

पुढचे अकरा महिने ताईनं मेणाला हात लावला नाही. पातेली माळ्यावर गेली. स्टूल मात्र टेबलाजवळ तसंच होतं. भाऊजींनी एकदा ते हलवलं, तर ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग एक दिवस सजावटवाली आली. ही बाई लोकांच्या समारंभांची टेबलं सजवून देते. बोलणं मशीनसारखं, मन मात्र मऊ.

"ताई, नाही म्हणू नका. बागेतलं जेवण आहे, पुढच्या शनिवारी. टेबलावरच्या चाळीस, बागेतल्या चोवीस. बाजारातल्या आणून ठेवल्या तर मलाच लाज वाटेल."

"आता नाही जमत गं."

"मी करतो मदत," भाऊजी आतून म्हणाले.

"तुम्ही?" ताई म्हणाली. "तुम्हाला चहात साखर ढवळता येत नाही."

पण ती हसली होती. अकरा महिन्यांनी. भाऊजी मला म्हणाले, "त्या हसण्यापायीच मी माळ्यावर चढलो."

पहिले दोन दिवस ताईनं कपड्यांचे चिमटे लावून पाहिले. वाती तिरक्या गेल्या. काड्या लावून पाहिल्या. काड्या घसरल्या. भाऊजी स्टुलाशेजारी उभं राहून धरायला गेले आणि तिसऱ्या मिनिटाला शिंकले. बारा ग्लास वाया गेले. ताईनं ते सगळं मेण परत पातेल्यात लोटलं आणि म्हणाली, "उद्या तिला फोन करून नाही सांगते."

तो बुधवार होता.

गुरुवारी संध्याकाळी भाऊजी बाहेर गेले होते. ताईनं शेवटचा प्रयत्न म्हणून सहा ग्लास मांडले. मेण ओतलं. चिमटे घ्यायला वळली, तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं. पत्ता चुकलेला माणूस होता. त्याला समजावून परत यायला पाच मिनिटं लागली.

स्वयंपाकघराच्या दारातच ती थांबली.

काहीतरी चुकत होतं. काय, ते तिला आधी कळेना.

मग कळलं...

वास नव्हता.

अर्धी बाटली लव्हेंडर ओतलं होतं तिनं. पाच मिनिटांपूर्वी नाक चुरचुरत होतं. आता खोलीत कसलाच वास नव्हता. मेणाचा नाही, गॅसचा नाही, काहीच नाही. चिमटी होती तेव्हा भाऊजी म्हणायचे, "ही बसली की वास शिल्लकच राहत नाही, सगळा हीच ओढते."

शेजारची भांडी थांबली होती.

आणि मग... स्टूल वाजलं.

करर्...

कुणी बसल्या जागी जरा पुढे सरकलं की वाजतं तसं.

ताईनं टेबलाकडे पाहिलं.

सहाही वाती उभ्या होत्या. ताठ. मधोमध. वर ताणलेल्या. कशालाच बांधलेल्या नव्हत्या.

चिमटे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तिनं ठेवले तिथेच पडले होते.

तुम्ही-आम्ही असतो तर किंचाळत बाहेर पळालो असतो. ताई पळाली नाही. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि हलकेच म्हणाली,

"आलीस?"

स्टूल वाजलं.

करर्...

ताई त्या रात्री पोटभर जेवली. भाऊजींना वाटलं, कामानं गुण आला.

* * *

शुक्रवारपासून तिनं सपाटा लावला. चिमटे नाहीत, काड्या नाहीत. ओतायचं आणि बाजूला व्हायचं. वाती आपोआप उभ्या. समोर बसून ती स्टुलाशी बोलायची. कोणाचं काय झालं, कोण कुणाशी भांडलं, माझी मुलगी कशी जाडी झाली, सगळं. एक कप चहा स्टुलाच्या बाजूला ठेवायची. तो निवून जायचा. पिणारं कुणी नव्हतं. पण त्याला चहाचा वासही उरायचा नाही.

बोट टेकवून "सोड" मात्र ती एकदाही म्हणाली नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हटलं असतं तर ती उठून गेली असती ना गं."

बस्स. इतकंच होतं तिच्या मनात. चिमटीला जाऊ द्यायचं नव्हतं.

आठ दिवसांत चौसष्ट मेणबत्त्या झाल्या. ओळीनं मांडलेल्या, एकेक वात रेघ मारल्यासारखी. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे जेवणाच्या आदल्या दिवशी, भाऊजी स्वयंपाकघरात येऊन बघत उभे राहिले.

"वा! काय केलंस काय?"

"जमलं."

"असं कसं जमलं?" त्यांनी जवळच्या ग्लासातल्या वातीचं वरचं टोक बोटानं बाजूला ढकललं.

ते हललं नाही.

त्यांनी जोर लावला. सुताची वात ती. केवढीशी. खिळ्यासारखी उभी. त्यांनी दोन बोटांत धरून ओढली...

आणि पलीकडून कुणीतरी ओढून धरली.

भाऊजींनी हात मागे घेतला.

"अगं... ही धरलेली आहे."

ताई कपड्यानं टेबल पुसत राहिली.

"कोण आहे?"

"तुम्हाला माहीत आहे कोण आहे."

मग भाऊजींना आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यात कडेला पहिल्या गुरुवारचे सहा ग्लास होते. त्यातल्या वाती ताठ होत्या, पण...

थरथरत होत्या.

बारीक. फार बारीक. दमलेला हात थरथरतो तशा.

"खिडकी उघडी असेल," ताई म्हणाली.

खिडकी बंद होती.

"आठ दिवस झाले," भाऊजी म्हणाले. "मेणाचा दगड झालाय. अजून का धरलंय तिनं?"

ताईनं पुसणं थांबवलं नाही.

"तिला हात दोन आहेत गं," ते म्हणाले. "वाती चौसष्ट."

"पुरे झालं."

"सोड म्हण तिला."

"नाही म्हणणार."

"अगं, पाऊण तासात बोटं पांढरी पडली होती तिची! हसतो आपण त्याला. सांग तिला, सोड म्हणून."

"म्हणजे ती जाईल!" ताई एकदम ओरडली. "एकदा मी खाली गेले तेवढ्यात गेली. आता मीच तोंडानं जा सांगू? उद्या सांगेन. परवा सांगेन. आजच्या दिवस राहू दे ना हो तिला..."

भाऊजी माझ्याजवळ म्हणाले, "त्या दिवशी मी हट्ट धरायला हवा होता." असं ते प्रत्येक वेळी म्हणतात. त्यांच्या हट्टाला ताईनं कधी भीक घातली होती, हे मी त्यांना विचारत नाही.

* * *

शनिवारी सकाळी सजावटवालीचा माणूस बागेतले चोवीस डबे घेऊन गेला. ते वाटेच्या कडेनं लावायचे होते. काचेचे चाळीस ग्लास खोक्यांत भरून तयार होते. टेबलं शेवटी मांडायची, म्हणून ते सात वाजता न्यायचे ठरलं होतं.

पावणेसातला फोन वाजला.

"ताई, या मेणात काय घातलंय तुम्ही?"

"का गं?"

"वारा सुटलाय. बाकीचे सगळे दिवे विझले. तुमचे चोवीस हलतसुद्धा नाहीयेत. ज्योत अशी उभी की बास. लोक फोटो काढतायत."

"मग?"

"मग काही नाही..." ती थांबली. थांबणारी बाई नव्हे ती. "ताई, जवळ गेलं की आवाज येतोय."

"कसला?"

"पोळल्यावर आपण करतो ना... तसा."

"थांबा, ऐकवते," सजावटवाली म्हणाली आणि तिनं फोन खाली एका डब्याजवळ धरला.

आधी नुसता वारा.

मग...

स्स...

स्स... स्स...

त्याच्या पलीकडून तसाच दुसरा. त्याच्या पलीकडून तिसरा. वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चोवीस.

पेटलेल्या वाती होत्या त्या. आणि धरलेल्या होत्या.

"विझव!" ताई ओरडली. "आधी विझव त्या!"

"तेच सांगतेय, विझत नाहीयेत! माळ्यानं पाणी ओतलं. पाण्याखाली जळतायत, ताई!"

भाऊजी तोवर आत आले होते. ताईनं फोन टेबलावर टाकला, खोकी उघडली, ग्लास भराभर बाहेर काढले. चाळीसही वाती वेड्यासारख्या थरथरत होत्या. काचांवर काचा किणकिणत होत्या.

"सोड!" ताई म्हणाली. "चिमटे, सोड! सोड म्हणतेय ना मी!"

कुणी सोडलं नाही.

फोनमधून स्स... स्स... चालूच. आता त्यात हुंदक्यासारखं काहीतरी होतं.

"बोट," भाऊजी म्हणाले. "बोट टेकव. नुसतं म्हटलेलं ती ऐकायची नाही. बोट टेकवून म्हणायचीस तू."

ताईनं समोरचा ग्लास पुढे ओढला. आठ दिवसांचं मेण होतं. दगड. तिनं वातीशेजारी उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं...

मेण गरम होतं.

आत्ता ओतल्यासारखं. बोट साय फोडून पेरापर्यंत आत गेलं. ताईनं ओढून घेतलं नाही. डोळे मिटले.

"झालं गं. झालं, चिमटे. साय धरली. सोड."

खोली गप्प झाली.

समोरची वात आधी वाकली. मान टाकल्यासारखी. मग तिच्या शेजारची. मग पुढची. एकेक करून चाळीसही वाती कलंडल्या. फोनमधून सजावटवालीचा बारीक आवाज आला, "विझल्या! ताई, सगळ्या एकदम विझल्या!"

आणि वास परत आला. आठ दिवसांचं लव्हेंडर, मेण, चहा, सगळं एकदम अंगावर आलं. भाऊजी म्हणतात, त्यांना भडभडून रडू आलं. गेली ती. सुटली बिचारी.

ताईलाही तसंच वाटलं.

तिनं डोळे पुसायला हात उचलला.

हात उचलला गेला नाही.

मेण पुन्हा दगड झालं होतं. भाऊजींनी चमच्याच्या टोकानं ते कोरलं, बोट मोकळं केलं. मेण निघालं. त्याचा कणसुद्धा राहिला नाही. पण ताई आपल्या बोटाकडे बघत नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"अहो... वाती सोडल्या तिनं."

"हो ना."

"बोट नाही सोडलं."

स्टूल वाजलं.

करर्...

* * *

याला आता चार महिने झाले.

मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. ताई टेबलाशी बसली होती. भाऊजी तिची वेणी घालत होते. वाकडी, पण मन लावून. एकोणचाळीस ग्लास त्यांनी बागेत खोल पुरले आहेत. एक ताईनं पुरू दिला नाही. तो समोर होता, लव्हेंडरचा वास अजून येत होता. वात आडवी पडलेली, आणि शेजारी मेणात बोटाएवढं भोक.

तिचं ते बोट सरळ उभं असतं. वाकत नाही. गार आहे. पेराच्या दोन्ही बाजूंना एकेक खळगा आहे, एक अंगठ्याएवढा, एक बोटाएवढा. आपण दाबलं की कातडी परत वर येते ना, तसे ते येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे. कशानं दबली ते म्हणाले नाहीत.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"आधी नव्हतं दुखत. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता आवळत चाललंय."

"सोड म्हणून बघितलंस?"

"रोज म्हणते. रडून म्हटलं, रागावून म्हटलं. एकदा शिवीसुद्धा दिली." ती हसली, पण तोंडानंच. "ऐकत नाही. त्या दिवशी मी तिच्या हातात चादर दिली ना... आता ती सोडायची नाही. तिला ठाऊक आहे, सोडलं की मी खाली जाते."

भाऊजी कंगवा ठेवायला आत गेले. ते वळल्याबरोबर ताई पुढे झुकली. आवाज एकदम खाली आणला.

"एक काम करशील?"

"सांग की."

तिनं तो ग्लास माझ्यासमोर सरकवला.

"तू एकदा टेकवून बघ ना बोट. जरासंच. तुझीही लाडकी होतीच की ती. तुझं धरलं तर... मला थोडा वेळ सुटेल. हात उशाखाली घेऊन एकदा झोपेन गं मी. मग परत मी माझं बोट देईन. आलेच म्हणून जाणार नाही, शप्पथ."

तिचे डोळे... मी ताईला लहानपणापासून ओळखते. तिनं माझ्या शाळेच्या वेण्या घातल्या, माझ्या बाळंतपणात तीन महिने माझ्या घरी राहिली. आजवर तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी घड्याळात पाहिलं.

"अगं बाई, माझी बस चुकेल," मी म्हणाले. "पुढच्या वेळी नक्की. आलेच मी परत."

बसला अजून तास होता.

ताईनं ग्लास आपल्याकडे ओढून घेतला. मी पिशवी उचलली, आत डोकावून भाऊजींना "येते" म्हटलं आणि दाराशी आले. तेव्हा मागे...

लव्हेंडरचा वास गेला.

मी वळून पाहिलं नाही.

बसमध्ये वाटभर मी दोन्ही हात मुठी वळून मांडीवर ठेवले होते. शेजारची बाई विचारत होती, "थंडी वाजतेय का हो?"

अजूनही तसेच ठेवते. झोपतानासुद्धा.